नाशवंत शेतमालाची वाहतूक : रेल्वे व विमानतळ यांची आखणी

शेतमालाच्या वाहतुकीचा विचार निघाला की बाजारपेठ किती किलोमीटर लांब आहे, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. धान्य, कडधान्ये, गळिताची धान्ये यांच्या बाबतीत हा प्रश्न योग्यच होय. कारण अंतराप्रमाणे भाडे वाढते आणि भाड्याप्रमाणे शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम कमी होते. परंतु केळी, द्राक्षे, आंबा, डाळिंब, भाजीपाला यांसारख्या नाशवंत मालाच्या बाबतीत अंतर तासांत मोजावे लागते. त्या तासांतही गाडी चालण्याचे तास व माल एका ठिकाणी पडून राहण्याचे तास वेगवेगळे मांडावे लागतात. अशी मांडणी केली म्हणजे पुष्कळ वेळा असे दिसून येते की मालाचे नुकसान वाटेत फारसे होत नाही. ते वाटेच्या दोन्ही टोकांना होते : मालधक्क्यावर, फलाटावर, वजनकाट्याजवळ आणि विमानतळाच्या मालगृहाबाहेर.

रेल्वे व विमान वाहतुकीच्या आखणीसंबंधी जगात जे संशोधन झाले आहे त्यातील बराचसा भाग याच प्रश्नाविषयी आहे. त्याचा बागायतदाराशी थेट संबंध येतो. म्हणून त्यातील काही गोष्टी महाराष्ट्रातील उदाहरणांच्या आधारे येथे दिल्या आहेत.

कापसासाठी घातलेले लोहमार्ग

मुंबई ते ठाणे ही आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाली. थळ घाटातील मार्ग १८६५ साली पुरा झाला आणि १८७० च्या मार्च महिन्यात जबलपूरमार्गे मुंबई व कलकत्ता ही शहरे लोहमार्गाने जोडली गेली. मधल्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे इंग्लंडमधील गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला व त्यांची नजर खानदेश-वऱ्हाडकडे वळली. या भागातील लोहमार्गांच्या आखणीवर त्या मागणीचा ठसा आजही स्पष्ट दिसतो. मुख्य मार्गापासून बाजूला असलेल्या खामगावच्या कापूस बाजारासाठी जलंबहून स्वतंत्र फाटा काढण्यात आला आणि १८७० मध्ये त्याचे उद्घाटन लॉर्ड मेयो यांच्या हस्ते झाले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून एका बाजूस यवतमाळपर्यंत व दुसऱ्या बाजूस अचलपूरपर्यंत अरुंद मापाचे मार्ग घालण्यात आले, तेही कापसासाठीच.

ही आखणी आपल्या हेतूस उत्तम होती. आगगाडी बाजाराच्या दाराशी नेण्याचे तत्त्व तिच्यात होते आणि ते आजही तितकेच खरे आहे. तथापि तिच्या मुळाशी एक गृहीत होते : माल थांबू शकतो. सरकी काढून दाबलेली कापसाची गाठ पाऊस व आग यांपासून जपली तर फलाटावर आठवडाभर पडून राहिली तरी तिच्या धाग्यास काही होत नाही. रिकाम्या वाघिणी उद्या मिळाल्या तरी चालते, परवा मिळाल्या तरीही चालते.

त्याच मुख्य मार्गावरील सावदा, निंभोरा व रावेर या स्थानकांवरून जळगाव जिल्ह्यातील केळी उत्तरेस जाऊ लागली, तेव्हा मार्ग तोच राहिला, माल मात्र थांबण्यास तयार नसलेला आला.

माल थांबला म्हणजे काय होते

तोडलेले फळ निर्जीव नसते. ते श्वसन करीत राहते, स्वतःतील साखर व पिष्ट खर्च करते आणि उष्णता बाहेर टाकते. तपमान दहा अंश सेल्सिअसने वाढले की ही क्रिया दुप्पट किंवा त्याहूनही अधिक वेगाने होते, हा फळशास्त्रातील सर्वमान्य ठोकताळा आहे. कच्ची केळी १३ ते १४ अंश तपमानात उत्तम टिकतात. त्याखाली नेल्यास साल काळवंडते. या ठोकताळ्याप्रमाणे ३४ अंश तपमानात घडाचे आयुष्य १४ अंशांच्या मानाने निदान चौपट वेगाने खर्च होते. म्हणजे फलाटावर काढलेले ३ तास हे शीतगृहातील १२ तासांबरोबर होत. खानदेशातील वैशाखाचे ऊन ज्यांनी पाहिले आहे त्यांना ३४ अंश हा आकडा सौम्यच वाटेल.

द्राक्षांचे गणित याहून कडक आहे. त्यांना शून्य अंशाच्या आसपासचे तपमान मानवते. म्हणूनच निर्यातीच्या द्राक्षांतील रानातली उष्णता तोडणीनंतर काही तासांच्या आत काढून टाकतात व मगच ती शीतपेटीत भरतात. या कृतीस पूर्वशीतकरण म्हणतात. ज्या फळात रानची उष्णता तशीच राहिली ते फळ शीतवाहनात ठेवले तरी लवकर थंड होत नाही. कारण शीतवाहनाचे यंत्र थंडावा टिकवण्यासाठी असते, गरम माल थंड करण्यासाठी नसते. पुष्कळ बागायतदार शीतवाहनावर पैसे खर्च करून नेमकी हीच गोष्ट विसरतात.

रांगेचे शास्त्र

माल थांबतो का, याचे साधे उत्तर असे दिले जाते की सोय अपुरी आहे. फलाट वाढवा, काटे वाढवा. हे उत्तर अर्धेच खरे आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणिती आग्नेर एर्लांग यांनी १९०९ साली येणाऱ्या दूरध्वनींविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातून रांगांचे शास्त्र जन्मास आले आणि आज विमानतळाच्या धावपट्ट्या, रेल्वेची यार्डे व बंदरांचे धक्के यांची आखणी करताना त्याचाच आधार घेतला जातो.

त्यातील मुख्य निष्कर्ष बाजार समितीच्या एका वजनकाट्यावरून समजून घेता येईल. एका मालमोटारीस काट्यावर सरासरी २० मिनिटे लागतात, मोटारी वाटेल तेव्हा येतात आणि कोणास कमी, कोणास अधिक वेळ लागतो, असे धरू. काटा दिवसाच्या निम्म्या वेळात कामात असेल तर येणाऱ्या मोटारीस सरासरी २० मिनिटे थांबावे लागते. तो ८० टक्के वेळ कामात असेल तर हीच प्रतीक्षा ८० मिनिटांवर जाते. ९० टक्के झाली की ती १८० मिनिटे, म्हणजे तब्बल ३ तास होते. काम ८० चे ९० टक्के झाले, एवढाच फरक. प्रतीक्षा मात्र दुपटीहून अधिक वाढली. वर्षभर सुरळीत चालणारा धक्का हंगामाच्या ऐन तीन आठवड्यांत एकाएकी का तुंबतो, याचे कारण यात आहे. त्यात हमालांचा आळस किंवा अधिकाऱ्यांची बेपर्वाई असेलच असे नाही.

यावरून दोन गोष्टी निघतात. नाशवंत मालाच्या सोयीची आखणी वर्षाच्या सरासरीवर करता येत नाही, ती ऐन हंगामाच्या दिवसावर करावी लागते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, कारण ती पैशावाचून साधते. मोटारी वाटेल तेव्हा न येता नेमून दिलेल्या वेळी आल्या तर त्याच एका काट्यावर प्रतीक्षा पुष्कळच कमी होते.

केळीचा एक रेक

हे केळीच्या रेकवर लावून पाहू. किसान रेल्वेच्या दिवसांत सावद्याहून दिल्लीच्या आदर्शनगर स्थानकाकडे पार्सल डब्यांचे रेक जात असत. एका पार्सल डब्यात सुमारे २३ टन माल बसतो. २२ डब्यांचा रेक धरला तर ५०६ टन झाले. घडाचे वजन सरासरी १८ किलो धरल्यास एका डब्यात सुमारे १,२८० घड, आणि सबंध रेकमध्ये २८ हजारांच्या वर घड भरावे लागतात. केळी पोत्यासारखी फेकता येत नाही. घड हातात घ्यावा लागतो, साल घासू नये म्हणून खाली-वर पाला घालावा लागतो.

हमालांची एक टोळी मिनिटास ६ घड आत लावते असे मानले तर एक डबा भरण्यास सुमारे साडेतीन तास लागतील. बावीस डब्यांवर बावीस टोळ्या असतील तर सबंध रेक साडेतीन तासांत भरेल. परंतु डबा सुमारे २२ मीटर लांब असतो. बावीस डब्यांना ४९० मीटरच्या आसपास फलाट हवा. फलाट त्याच्या निम्माच असेल तर काय होईल? पहिले अकरा डबे सकाळी ६ वाजता भरावयास घेतले तर साडेनऊला भरून होतील. मग गाडी पुढे सरकवावी लागेल. उरलेले अकरा डबे दहाला सुरू होऊन दुपारी दीडच्या सुमारास संपतील. तोपर्यंत पहिल्या अकरा डब्यांतील चौदा हजार घड लोखंडी छपराखाली उन्हात उभे राहतील. चार तास गेले ते असे.

चार तासांची किंमत दुसऱ्या बाजूने पाहावी. नाशिकजवळील देवळालीहून बिहारमधील दानापूरपर्यंतचे अंतर १,५१९ किलोमीटर आहे आणि पहिल्या किसान रेल्वेच्या वेळापत्रकात ते सुमारे ३२ तासांत काटावयाचे होते. सरासरी वेग ताशी ४७ ते ४८ किलोमीटर झाला. हा वेग संपूर्ण मार्गभर ताशी ५५ किलोमीटर केला तर वाचणारा वेळही साधारण साडेचार तासांचाच भरतो. दीड हजार किलोमीटर मार्गावर गाडी वेगाने नेण्यासाठी सिग्नल, वळणे, इतर गाड्यांची अडचण असा केवढा खटाटोप करावा लागेल, आणि अडीचशे मीटर फलाट वाढवण्यास किती लागेल, याची तुलना वाचकांनीच करावी. वर्तमानपत्रांत मात्र वेगाची बातमी येते, फलाटाची येत नाही.

आता मोटारींकडे वळू. दहा टनांची मोटार धरली तर एका डब्यास दोन पूर्ण मोटारी व तिसरीतील तीन टन माल लागतो. एक मोटार रिकामी होण्यास वरील वेगाने सुमारे दीड तास लागतो. तिन्ही मोटारी पहाटे ६ ला येऊन उभ्या राहिल्या तर दुसरीस दीड तास व तिसरीस तीन तास थांबणे भागच आहे. पहिलीस ६ ची, दुसरीस साडेसातची आणि तिसरीस ९ ची वेळ नेमून दिली तर कोणासही विशेष थांबावे लागत नाही, आणि तिसऱ्या मोटारीचा घड तेवढे तास झाडावर, सावलीत राहतो. मात्र यासाठी कापणीची वेळ डब्याच्या वेळेवरून उलट मोजत ठरवावी लागते. वाटेस एक तास आणि बागेत भरण्यास दीड तास लागत असेल तर ९ च्या मोटारीसाठी मध्यरात्री कंदील घेऊन बागेत जाण्याचे कारण नाही.

किसान रेल्वेचा अनुभव

किसान रेल्वेची घोषणा २०२० च्या फेब्रुवारीत केंद्रीय अर्थसंकल्पात झाली आणि ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून पहिली गाडी सुटली. त्याच वर्षी २८ डिसेंबरला सांगोला ते पश्चिम बंगालमधील शालिमार अशी शंभरावी गाडी निघाली. जानेवारी २०२३ अखेर २,३५९ फेऱ्या होऊन सुमारे ७.९ लाख टन माल वाहिला गेला. भागाकार केला तर फेरीमागे सरासरी ३३५ टन पडतात.

या योजनेत कमीत कमी वजनाची अट नव्हती. पूर्वी मालगाडीने माल पाठवावयाचा म्हणजे सहसा निदान सबंध वाघीण भरण्याइतका माल असावा लागे. येथे थोड्या पेट्यांचा धनीही गिऱ्हाईक ठरला. ही मोठीच सुधारणा होय. तिची किंमत मात्र वेळेत द्यावी लागते. मनमाड, जळगाव, भुसावळ, बऱ्हाणपूर, खंडवा, इटारसी असे डझनाहून अधिक थांबे एका गाडीस दिले आणि प्रत्येक ठिकाणी अवघी वीस मिनिटे जास्त गेली, तर पुन्हा चार तास गेलेच, आणि ते देवळालीच्या मालाचेही गेले. लहान शेतकऱ्याची सोय व सर्वांचा वेळ यांचा हा ताण आहे. एखाद्या जागी माल आधी एकत्र करून गाडी येताच पूर्ण भरलेली चौकट आत सरकवणे, हा त्यावरील मार्ग आहे. पण त्यासाठी ठिकठिकाणच्या स्थानकांवर सावलीची, शक्य तेथे थंडाव्याची, जागा हवी.

भाड्याविषयीही येथेच सांगितले पाहिजे. १४ ऑक्टोबर २०२० पासून फळे व भाजीपाला यांच्या भाड्यात ५० टक्के सवलत देण्यात आली. सवलतीमुळे गाडीकडे माल वळतो, यात शंका नाही. परंतु अशी सवलत ठरावीक मुदतीची असते, आणि सवलतीच्या काळात झालेल्या वाहतुकीवरून कायमच्या सोयींचा अंदाज बांधला तर तो फसण्याचा संभव असतो. परतीच्या प्रवासात डबे रिकामे येतात की भरून, हेही या हिशेबात धरावे लागते. केळी उत्तरेस जाते. तिकडून पार्सल डब्यात येण्यासारखा माल मिळाला नाही तर एका फेरीच्या भाड्यावर दोन फेऱ्यांचा खर्च पडतो.

कोकणातील एक युक्ती या ठिकाणी उल्लेखनीय आहे. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ साली खुला झाला आणि १९९९ पासून कोलाड ते गोव्यातील वेर्णा या दरम्यान भरलेल्या मालमोटारीच सपाट वाघिणींवर चढवून नेण्याची सेवा सुरू झाली. मोटारीतला माल उतरवून डब्यात, आणि डब्यातून पुन्हा मोटारीत, ही दुहेरी चढउतार तीत मुळातच राहत नाही. माल रेल्वेने जातो, पण त्यास हात लागत नाही.

आंबा व विमानतळ

विमान ताशी आठशे-नऊशे किलोमीटर वेगाने जाते. त्यामुळे विमानाने जाणाऱ्या फळाचे जवळजवळ सर्वच तास जमिनीवर जातात. हापूस आंब्याचे उदाहरण घ्यावे.

अमेरिकेची बाजारपेठ भारतीय आंब्यास २००७ साली खुली झाली, ती एका अटीवर : किडीचा उपद्रव तिकडे जाऊ नये म्हणून फळास निदान ४०० ग्रे इतकी किरणांची मात्रा मान्यताप्राप्त केंद्रात द्यावयाची. त्या वेळी त्यासाठी सिद्ध असलेले महाराष्ट्रातील केंद्र नाशिक जिल्ह्यात लासलगाव येथे होते. भाभा अणुसंशोधन केंद्राने ते २००२ साली उभारले, ते मुख्यतः कांद्यासाठी, आणि कांद्यासाठी ती जागा अगदी योग्य होती. रत्नागिरीच्या आंब्याने मात्र तीनशेहून अधिक किलोमीटर चालून मुंबईजवळ यावयाचे, विमानतळ डावीकडे ठेवून आणखी दोनशे किलोमीटर घाट चढून लासलगावी जावयाचे आणि तेवढेच परत यावयाचे, असा प्रकार झाला. पुढे राज्य पणन मंडळाने वाशी येथे विकिरण सुविधा उभारली तेव्हा हा वळसा टळला. केंद्राचे यंत्र कसे आहे याइतकेच ते कोणत्या वाटेवर आहे हेही महत्त्वाचे असते.

युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्याची आयात काही काळ बंद केली होती, ती फळमाशीच्या कारणाने; जानेवारी २०१५ मध्ये ती बंदी उठली. या घटनेनंतर निर्यातीचा आंबा मान्यताप्राप्त सुविधा केंद्रात उपचार व तपासणी होऊनच विमानतळाकडे जाऊ लागला. रोपसंरक्षणाचा दाखला, सीमाशुल्क, सुरक्षा तपासणी असे टप्पे त्यापुढे असतातच. प्रत्येक टप्पा ही एक रांग आहे आणि वर सांगितलेला काट्याचा नियम तिला लागू पडतो. टप्पे एका जागी व एका छपराखाली आणले तर त्यांची संख्या कमी होत नाही, पण दोन टप्प्यांच्या मधील उन्हातील तास वाचतात.

विमानतळाच्या आखणीत फळांच्या दृष्टीने आणखी एक अडचण आहे. फळांचा पुष्कळसा माल स्वतंत्र मालविमानाने न जाता प्रवासी विमानाच्या पोटातून जातो. म्हणजे आंब्याची जागा प्रवाशांच्या वेळापत्रकावर अवलंबून असते. मार्च २०२० अखेर कोरोनाच्या साथीमुळे आंतरराष्ट्रीय प्रवासी उड्डाणे थांबली, तेव्हा ऐन आंब्याच्या हंगामात ही जागा एकाएकी नाहीशी झाली. बागेत फळ होते, परदेशी गिऱ्हाईकही होते. मधली वाट मिटली.

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. कोकणातून येणारी मोटार पनवेलजवळूनच तिकडे वळू शकते. तिला ठाण्याची खाडी ओलांडून मुंबईच्या गर्दीत शिरण्याचे कारण नाही, आणि वाशीचे केंद्रही जवळ आहे. जागेच्या दृष्टीने हा लाभ स्पष्ट आहे. तास किती वाचतील हे मात्र तेथून फळांच्या गिऱ्हाइकांच्या शहरांकडे उड्डाणे किती होतात व मालगृहाच्या दारापासून विमानापर्यंत पेट्या थंडाव्यात राहतात की नाही यावर ठरेल.

तासांची नोंद

नव्या फलाटाची, शीतगृहाची किंवा गाडीची मागणी करताना बागायतदार संघ सहसा एकूण उत्पादनाचा आकडा देतात. आखणी करणाऱ्यास त्याचा उपयोग थोडा होतो. कोणत्या दिवशी, कोणत्या तासास किती माल दाराशी येतो, हे त्यास हवे असते, आणि ही माहिती शेतकऱ्यांवाचून दुसरे कोणी देऊ शकत नाही.

याकरिता प्रत्येक संघाने एका हंगामापुरती साधी वही ठेवावी. दर मोटारीस एक ओळ पुरते. पिकाचे नाव व वजन लिहून पुढे वेळा लिहाव्यात : कापणी किंवा तोडणी संपली ती वेळ, मोटार बागेतून निघाली ती वेळ, धक्क्यावर पोचली ती, माल उतरावयास सुरुवात झाली ती, उतरून संपला ती, आणि गाडी अगर विमान सुटले ती वेळ. पोचण्याची व उतरावयास सुरुवात होण्याची वेळ यांतील अंतर लाल शाईने मांडावे. शक्य असल्यास साध्या तपमापकाने उतरवतेवेळी फळाच्या गाभ्याचे तपमान घ्यावे. त्यासाठी पेटीतील एक फळ गमवावे लागते. माल बाजारी पोचल्यावर किती भरला व किती टाकून द्यावा लागला, हे अडत्याच्या पट्टीवरून शेवटच्या रकान्यात उतरवून घ्यावे. पट्टी येण्यास आठ-दहा दिवस लागत असल्यास तेवढा रकाना तोवर कोरा ठेवण्यास हरकत नाही.